मला तीन अँपिअर लागत होते

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे आणि अजून चालू आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल. भरताच्या वांग्याएवढी काचेची बाटली, खाली काळं गोल बूड, बुडाला पाय. काचेच्या आत दोन काळे पत्रे आणि मधून जाणारी बारीक तार. पूर्वी रेडिओत आणि गाण्याच्या पेटीत माझ्यासारखे चार-पाच जण बसलेले असत. आता आम्ही जुन्या हौशी लोकांच्या घरीच सापडतो.

माझं काम सांगतो. घरातली वीज एका सेकंदात पन्नास वेळा पुढेमागे करते. पंख्याला ते चालतं. गाण्याच्या पेटीला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, ते चालत नाही. तिला एकाच दिशेने जाणारी वीज लागते. मी एकाच बाजूने उघडणारं दार आहे. जाणाऱ्याला जाऊ देतो, परत येणाऱ्याला अडवतो. म्हणून मला रेक्टिफायर म्हणतात. मी स्वतः गात नाही. गाणाऱ्या व्हॉल्व्हांना जेवू घालतो.

पण दार उघडण्याआधी मला तापावं लागतं. माझ्या आतली तार लाल होण्यासाठी पाच व्होल्टची वेगळी वीज लागते आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या एका लहान वेटोळ्यातून येते. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. आमच्या कुळात कुणाला दोन अँपिअर पुरतात, कुणाला तीन लागतात. मला तीन लागतात. बूड मात्र सगळ्यांचं सारखं, पाय सारखे आणि बसायचं सॉकेटही तेच. दोनवाल्याच्या जागी मला बसवलं तर मी बसतो. पेटतोही. गाणंही लागतं. फक्त दोनसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तीन देता देता आतून भाजत राहतो.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. काचेतली सगळी हवा शोषून घेतली, तोंड बंद केलं आणि पांढऱ्या शाईने अंगावर नंबर छापला. तो नंबर म्हणजेच माझं नाव, माझी भूक, माझी ताकद. पहिली बारा वर्षं मी लष्कराच्या एका बिनतारी यंत्रात काढली. मग यंत्र मोडीत निघालं, लिलाव झाला आणि मी जबलपुरात ओमती भागातल्या एका कबाड्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, पोत्यात येऊन पडलो. त्या पोत्यात किती वर्षं गेली, मला माहीत नाही. तिथे कुणी वर्षं मोजत नव्हतं.

तिथून मला अंबादासजींनी उचललं. अंबादासजी तोफगोळ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांचे वडील अमरावतीकडून मजुरीला आले आणि इकडचेच झाले. जबलपूरच्याच गढा भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागच्या पडवीत टेबल, सोल्डरिंगची इस्त्री, तारेची रिळं. निवृत्तीनंतर ते घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवत. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळत, पत्रा हाताने कापत. जुन्या तबकड्या ऐकणारे दहा-बारा लोक शहरात होते. ते सगळे त्यांच्याकडे येत.

रेक्टिफायर निवडायला त्यांना फार वेळ लागे. कुणी घाई केली तर म्हणत, "सोयरीक आहे ही. तोंड पाहून करू नाही. काय खाते, किती ओझं उचलते, अन् तापट आहे का थंड, हे आधी विचारावं लागते." तापट म्हणजे माझ्यासारखे, बटण दाबताच पेटणारे. बाकीचे व्हॉल्व्ह अजून गार असताना आम्ही त्यांच्या अंगावर सगळी वीज सोडून मोकळे होतो. थंड म्हणजे पाव मिनिट घेऊन हळूहळू तापणारे. नाजूक पेटीला ते थंड जोडत. माझ्यासाठी त्यांनी जाड तारेचं, तीन अँपिअरचं वेटोळं गुंडाळलं आणि स्वतःच्या पेटीत मला मान दिला. माझे सुखाचे दिवस ते.

अंबादासजींची एक अडचण होती. चौतीस वर्षं घणाच्या शेडमध्ये काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. जवळचं बोलणं ऐकू येई, पण पेटीची बारीक घरघर त्यांना कळत नसे. त्यात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. म्हणून त्यांचे कान आणि अर्धे डोळे इंदिराबाई होत्या, त्यांच्या पत्नी. नवी पेटी झाली की ते हाक मारत. त्या मांडीवर तांदळाचं सूप घेऊन पडवीत येऊन बसत आणि निवडता निवडता ऐकत. हा कोरडा आहे म्हणत. हा घुमते म्हणत. मला पहिल्यांदा ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "याच्यात बाई जवळ येऊन गाते." मीटरचा काटाही त्याच वाचत. इंदिराबाईंना अक्षरं येत नव्हती, पण कॅलेंडरवरून आकडे आले होते. त्या आकडा सांगत, अंबादासजी मान हलवत. असं बारा वर्षं चाललं.

मग त्यांची पेटी जुनी झाली. त्यांनी ती उकलली आणि मला इतर तिघांबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. चौघे दिसायला भावाभावांसारखे. दोघे दोनवाले, दोघे तीनवाले.

गेल्या दिवाळीच्या आधी इंदिराबाईंनी घर धुऊन काढलं. पडवीही काढली. डबा उघडला तर आम्ही धुळीने माखलेलो. त्यांच्या माहेरी कंदिलाची काच राखेने आणि कागदाने घासत. त्यांनी आम्हाला तसंच घासलं. अंगावरची पांढरी अक्षरं त्यांना चुन्याचे डाग वाटली. ते निघेनात तेव्हा थोडं लिंबूही लावलं. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघे आरशासारखे लखलखत होतो, आणि चौघांचीही नावं गेली होती.

अंबादासजी घरी आले. एकेकाला उजव्या डोळ्याजवळ धरून पाहिलं, उजेडात फिरवलं, पुन्हा पाहिलं. ते ओरडले नाहीत. जेवले, झोपले. पण त्या दिवसापासून त्यांनी इंदिराबाईंना पडवीत हाक मारली नाही. त्या दाराशी येऊन उभ्या राहत, ते मान वर करत नसत. एकदा त्या म्हणाल्या, चुकलं माझं, मला काय ठाऊक होतं. त्यावर त्यांनी इस्त्री तापली का ते पाहिलं.

आमची नावं परत शोधणं कठीण नव्हतं, मित्रांनो. पाच व्होल्ट जोडायचे आणि काटा दोनवर जातो की तीनवर, ते पाहायचं. चौघांचं मिळून तासाभराचं काम. पण काटा वाचायला इंदिराबाईंना बोलवावं लागलं असतं. ते त्यांनी केलं नाही. त्यांनी आम्हाला तळहातावर तोललं, पत्रे पाहिले, बाटलीच्या खांद्याचा उतार पाहिला. माझ्यापाशी बराच वेळ थांबले. मग काळ्या स्केचपेनने माझ्या बुडावर ‘२’ लिहिलं.

मी आतून कितीही ओरडलो असतो तरी काय उपयोग? माझ्यात हवा नाही. आवाजाला हवा लागते.

त्याच हिवाळ्यात शहरातल्याच दीक्षितपुऱ्यातून चिंतामणी सरांचा निरोप आला. चिंतामणी सर ब्याऐंशी वर्षांचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पत्नी गेलेली, गुडघे गेलेले. मुलगी शरयूताई, तीही शिक्षिका, त्यांना सांभाळत होती. सरांकडे तीनशे तबकड्या होत्या आणि त्या वाजवायला पेटी उरली नव्हती. खाटेशेजारच्या तिपाईवर मावेल एवढी पेटी द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जागा कमी म्हणून अंबादासजींनी ट्रान्सफॉर्मर लहान केला. पाच व्होल्टचं वेटोळं बारीक तारेचं, बरोबर दोन अँपिअरचं गुंडाळलं. आणि त्याच्यासमोर मला बसवलं.

संक्रांतीनंतर पेटी दीक्षितपुऱ्यात गेली. सर सकाळी चहा झाला की लावत, ती दुपारच्या झोपेपर्यंत चाले. पुन्हा संध्याकाळी. शरयूताई सांगे की बाबा आता जेवताना बोलतात, हसतात. पेटीवर धूळ बसू नये म्हणून तिने क्रोशाचं पांढरं कव्हर विणून घातलं. हवा जायची भोकं त्याखाली झाकली गेली. थंडीत ते निभावलं. ट्रान्सफॉर्मर मात्र रोज तापत होता. तारेवरचा लाखेचा थर कडक होत होता, मग तडकत होता. माझ्यापासून चार बोटांवर होत होतं ते सगळं.

चैत्र आला. जबलपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पेटीचा फ्यूज दोनदा उडाला. शरयूताईने फोन केला. त्याच दिवशी तिच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, म्हणून अंबादासजी आणि इंदिराबाई दोघेही आले. बायका आतल्या खोलीत आंब्याची डाळ खात बसल्या. बाहेरच्या खोलीत अंबादासजींनी पेटी उघडली, फ्यूज काढला. फ्यूजची बारीक तार पिशवीत नव्हती. त्यांनी वायरमधला तांब्याचा एक तंतू सोलला आणि फ्यूजच्या जागी पिळून टाकला. म्हणाले, काही नाही, व्होल्टेज वरखाली होऊन राहिलं आहे. कव्हर घातलं आणि तबकडी लावली.

इंदिराबाई हातात डाळीची वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. क्षणभर मान तिरकी करून उभ्या राहिल्या.

"अहो, बंद करा तो. कण्हून राहिला तो."

सर हसले. "मला तर काहीच ऐकू येत नाही, वहिनी. मी रोज ऐकतो."

"गाण्याच्या खाली आहे सरजी, गाण्याच्या खाली. हात लावून पाहा, पेटी तापली असन."

पेटी अंबादासजींच्या हातापासून एक वीत दूर होती. हात लावला असता तर चटका बसला असता. ते इंदिराबाईंकडे न पाहता म्हणाले, "तुझं काम पुसायचं. ऐकायचं काम माझं राहू दे."

आतून दोन-तीन बायकांचं हसू आलं. त्यांना राखेची गोष्ट ठाऊक नव्हती. नवराबायकोची थट्टा चालली आहे, असं त्यांना वाटलं. इंदिराबाई परत फिरल्या. वाटीतली डाळ त्यांनी तशीच ठेवली, ओटी भरून घेतली आणि घरी गेल्या. पेटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढे दोनदा शरयूताईचा फोन आला. बाबा खुश आहेत, फ्यूज आता उडत नाही, असं ती म्हणाली. फोन इंदिराबाईंनीच घेतला होता. बरं झालं, एवढंच त्या म्हणाल्या.

फ्यूज उडत नव्हता, कारण उडायला तिथे फ्यूज नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी शरयूताई शाळेत पेपर तपासायला गेली होती. सर एकटे होते. आधी वास सुटला. बाहेर कुणी कचरा जाळत असेल असं वाटून त्यांनी खिडकी ओढून घेतली. मग क्रोशाच्या भोकांतून धूर आला, बारीक बारीक, उदबत्तीसारखा. मग कव्हर पेटलं. सरांनी हाका मारल्या. दुपारची वेळ, सगळ्यांचे कूलर घरघरत होते. बटण पेटीच्या मागे भिंतीवर होतं आणि मध्ये जाळ होता. पण जाळापेक्षा त्यांना तबकड्यांची धास्ती होती. त्या तिपाईखालीच उभ्या लावलेल्या होत्या. ते वॉकर धरून उठले, अनवाणी, आणि उशाशी ठेवलेलं तांब्याभर पाणी त्यांनी पेटीवर ओतलं. ओतताना तांब्या पेटीच्या पत्र्याला टेकला.

पाणी पडलं तिथपर्यंत वीज आली, आणि वीज आली तिथे सर होते.

जाळ विझला. मीही विझलो. तबकड्या तेवढ्या वाचल्या. शरयूताई साडेतीनला आली.

पोलीस येऊन गेले. कागदावर ‘शॉर्ट सर्किट’ लिहिलं गेलं. लोक म्हणाले, उन्हाळ्यात वायरिंगचं असंच होतं, जुनी घरं आहेत. सरांच्या तेराव्याला अंबादासजी भेटायला गेले तेव्हा शरयूताई त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "काका, तुमच्यामुळे बाबांचे शेवटचे चार महिने गाण्यात गेले." आणि जळकी पेटी त्यांच्या हातात दिली. होईल तेवढी दुरुस्त करा, बाबांची आहे, म्हणाली. अंबादासजी ‘हो’ म्हणून घेऊन आले.

घरी त्यांनी ती उकलली. ट्रान्सफॉर्मर कोळसा झाला होता. तांब्याचा तंतू शाबूत होता. मीही शाबूत होतो. त्यांनी मला काढलं, पुसलं, टेबलावर पाच व्होल्ट जोडले आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा हाक मारली. इंदिराबाई आल्या. तांदळाचं सूप आणलं नव्हतं. मीटरपुढे वाकल्या.

"तीनवर आहे."

"नीट पाहा."

"तीनच आहे."

अंबादासजींनी वीज बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसले. इंदिराबाई म्हणाल्या की शरयूला सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"ऐकू नाही आलं," अंबादासजी म्हणाले.

त्या हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवून तिसऱ्यांदा सांगितलं. शेजारच्या घरातून तुळशीराम नावाचे गृहस्थ खिडकीत आले, काय झालं भाभीजी म्हणून विचारू लागले. अंबादासजी तसेच बसून राहिले. म्हणाले, "कान गेले माझे, तुला ठाऊक आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिराबाईंनी मला रुमालात गुंडाळलं, ई-रिक्षा केली आणि दीक्षितपुऱ्यात आल्या. शरयूताईने पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही. मला तिपाईवर ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. राख, लिंबू, पुसलेला नंबर, बुडावरचा दोनचा आकडा, मीटरवरचे तीन, तांब्याचा तंतू. नवऱ्याचं काही झाकलं नाही, स्वतःचंही नाही. शरयूताईने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं झाल्यावर तिने विचारलं,

"काकू, तुम्हाला कधी कळलं?"

"हळदीकुंकवाच्या दिवशी. कानाला लागलं होतं."

"मग?"

"बोलली ना मी. उंबऱ्यात उभी राहून बोलली. सरजी होते, हे होते. तू आत पन्हं गाळून राहिली होती."

"किती वेळा बोललात?"

इंदिराबाईंनी पदर हातात घेतला.

"एकदा."

"एकदा," शरयूताई म्हणाली. तिने मला उचलून काच उजेडात धरली, बुडावरचा आकडा पाहिला. मग मला इंदिराबाईंच्या हातात परत दिलं आणि उठून बाहेरचं दार उघडून धरलं.

इंदिराबाई मला घेऊन गढ्यात परतल्या. अंबादासजी दारातच बसले होते. कुठे गेली होती, हे त्यांनी विचारलं नाही.

आता पडवीतलं काम बंद आहे. तारेची रिळं विकली गेली. मी डब्यात आहे. कुणाला देता येत नाही आणि फोडायचा धीर दोघांनाही होत नाही. परवा खोलीतला पंखा जरा वेगळा वाजला. इंदिराबाईंनी सांगितलं. अंबादासजी लगेच उठले, त्र्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढले, पंखा चाचपून खाली उतरले. काही झालेलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "पुन्हा पाहा." ते पुन्हा चढले.

मित्रांनो, एखादी वस्तू वापरायला घ्याल तेव्हा ती सॉकेटात बसते का, एवढंच पाहू नका. तिला काय लागतं ते आधी विचारा. कुणी येऊन सांगितलं की काहीतरी कण्हतं आहे, तर सांगणारा कोण आहे हे बघत बसू नका. हात लावून पाहा. आणि तुम्हाला स्वतःला ऐकू आलं तर बोला. लोक हसतील. घरचंच माणूस चारचौघांत तोंड बंद करील. मला जीभ असती तर संक्रांतीपासून रोज बोललो असतो. तुम्हाला आहे. एकदा बोलून कुणी ऐकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी परत जा.